दुसरी पावलं

पडद्यावर चार पावलं होती.

दोन आईची, ती लेकीनं झोपेतही ओळखली असती. उरलेली दोन रुंद, जड, पुरुषाची. आणि त्या घरात आई एकटीच राहत होती.

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत पातळ प्लॅस्टिकवर चांदीच्या शाईनं सर्किटं छापत. लेकीनं तशीच एक लांब चटई छापली होती. तिच्यावर पाऊल पडलं, की इथे पडद्यावर ठसा उमटे. म्हातारी माणसं पडण्याआधी त्यांची चाल कशी बदलते, हा तिचा अभ्यास. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चटई अंथरली, तेव्हा आई म्हणाली होती, "माझ्या पायांवर पहारा? तुझ्या बापाला जन्मभर जमलं नाही ते!"

महिनाभर आई भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. लेकीनं त्याचं खापर गुडघ्यांवर फोडलं होतं.

"शाई भट्टीत नीट सुकली नसेल," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

"ओल्या शाईचा ठसा पसरतो गं. चालत नाही."

जड पावलं आईच्या मागोमाग निघाली. आई थांबली, तशी तीही थांबली.  लेकीनं फोन लावला. बऱ्याच वेळानं आईनं उचलला.

"आई, घरात कोण आहे?"

"कोण असणार? मी आणि माझी सावली."

"खरं सांग."

"अगं, खरंच. तू तुझं काम कर. आणि आज येऊ नकोस हो. मुळीच नको."

फोन बंद होता होता मागून दबका पुरुषी आवाज आला, "चला पुढे. थांबायचं नाही."

 मैत्रिणीला "पोलिसांना कळव" एवढंच ओरडून लेक धावत सुटली. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण रस्ता संपता संपेना. भर दुपारी माणसं नेहमीसारखी हसत होती, घासाघीस करत होती.  लहानपणी ताप आला, की रात्रभर कपाळावर असायचा तो हात तिला आठवत राहिला.

जिन्यातली एक कुंडी तिनं उचलली. किल्ली फिरवून दार हळूच लोटलं.

खिडक्या सताड उघड्या होत्या. खोली उन्हानं भरलेली. आई चटईच्या मधोमध उभी होती आणि तिच्यामागे पिकल्या केसांचा एक अनोळखी माणूस, हातात घडी घातलेली पांढरी काठी. त्यानं लेकीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं. हलला मात्र नाही.

आई चालत आली. एक पाऊल, मग दुसरं. लेकीपासून हातभर अंतरावर थांबली. तिची नजर थेट लेकीच्या चेहऱ्यावर होती, आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

"सर, आले की नाही एकटीनं?" ती म्हणाली. मग थबकली. "ही धाप कुणाला लागलीय? कोण आलंय, सर?"