बटणांचा डबा

भिंगरीनं डॉक्टरबाईंच्या टेबलावर बटणांचा डबा ठेवला.

"मी सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या होत्या."

"त्यातच आहेत," आजोबा म्हणाले. "रंगानं कप्प्यांत लावल्यात. पन्नास वर्षं शिंपीकाम केलं, बटणं अशीच लावत आलो."

फक्त म्हाताऱ्या माणसांना तपासणारा डॉक्टर शोधायला भिंगरीनं, त्यांच्या नातीनं, शाळा सुटल्यावर अकरा फोन केले होते. दहा ठिकाणी "या वयात चक्कर यायचीच गं बाळ" ऐकून घेतलं. अकराव्या ठिकाणी बाईंनी विचारलं, "उभं राहिल्यावर येते का?" तिला फोनलाच मिठी मारावीशी वाटली.

तीन महिने आजोबांची कात्री बंद होती. बेतायच्या टेबलाशी उभं राहिलं की डोकं गरगरायचं. कपडा कधी मिळेल, असं गिऱ्हाइकानं विचारलं की एकच उत्तर, "आता नाही सांगता येत."

डॉक्टरबाईंनी त्यांना दारापर्यंत चालवलं. बसवून रक्तदाब मोजला, उभं करून पुन्हा मोजला. मग डब्यातली गोळ्यांची एकेक पट्टी उलटी करून वाचू लागल्या. पांढरीनंतर गुलाबी उचलली आणि थबकल्या.

"ही पांढरी कोणी दिली?"

"हृदयवाल्यांनी."

"आणि गुलाबी?"

"घराजवळच्या डॉक्टरांनी."

"दोन्ही घेता?"

"म्हणजे काय! दोन कप्प्यांत आहेत ना."

"आजोबा, कंपन्या दोन, औषध एकच! रोज दुप्पट घेताय. उठलात की रक्तदाब धाडकन खाली येतो." त्यांनी गुलाबी कप्पा रिकामा केला. "ही बंद. पंधरा दिवसांत पाय ठरतील बघा."

"म्हणजे ते म्हातारपण नव्हतंच!" भिंगरी अशी ओरडली की बाहेरच्या नर्सनं दार उघडून पाहिलं.

"हळू गं. म्हातारा आहेच मी, बहिरा नाही."

डॉक्टरबाई लिहायला लागल्या. कोटाची बाही सारखी पेनावर येत होती. आजोबा खुर्चीतून पुढे वाकले.

"तयार घेतलाय ना हा? बाह्या दोन बोटं लांब आहेत. पुढच्या खेपेला काढून ठेवा."

"परत कधी द्याल?" बाईंनी हसत विचारलं.

भिंगरीनं श्वास रोखला.

आजोबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

"पंधरा दिवस तुमचे, पुढचे चार माझे. वीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी पाच." मग बोट उगारून म्हणाले, "साडेपाच नाही."