एका तासाची पाटी

बंद पडलेला रंगाचा कारखाना कोर्टाने रिसिव्हरसाहेबांच्या ताब्यात दिला, तेव्हा एकोणीस वर्षं फाटकाआतल्या केबिनमध्ये बसणारा वॉचमनही त्यांना आयताच मिळाला. आज मातीच्या तपासणीचा अहवाल आला. साहेब तोंडाला मास्क बांधून आले आणि त्याच्याच हातांनी त्याच्याच केबिनवर पाटी ठोकून घेतली: ‘जमीन विषारी. आत एका तासापेक्षा जास्त थांबू नये.’

पाटी सरळ झाली तसं साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते लगबगीने गाडीकडे निघाले.

“सगळी माती उपसून होईपर्यंत जागा सोडू नका, काका. काही लागलं तर फोन करा.”

हातोडी खाली ठेवत वॉचमनने पाटी पुन्हा एकदा वाचली.

“एवढंच सांगा, साहेब,” तो म्हणाला, “माझा तास कधीपासून धरायचा?”