हिंदीतली शिक्षा

स्टेजवरचा बॅनर वाचून प्राजक्ताताई खुदकन हसल्या. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे त्या नुकत्याच साताऱ्याहून उज्जैनला आलेल्या, आणि नानाखेड्याच्या मराठी मंडळाने आल्या आल्या त्यांना मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षक करून टाकलं होतं. बॅनरवर विषय होता, ‘महामारीने मला दिलेली शिक्षा’.

“भय्यासाहेब, शिक्षा म्हणजे दंड झाला की हो. तुम्हाला धडा म्हणायचंय ना?”

मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब. विषय त्यांनीच काढलेला, आणि घराणं कैक पिढ्या माळव्यात मुरलेलं. “अहो ताई, शिक्षा म्हणजे सीख. आमच्याकडे चालतं हे. इथला बच्चा बच्चा समजतो.”

हॉल हसला. दुसऱ्या रांगेत सुहासही हसला, पण त्याचं लक्ष विंगेत उभ्या असलेल्या लेकीकडे, इशिताकडे होतं. त्याची बायको केतकी कोरोनात गेली तेव्हा पोरगी केजीत होती. आता पाचवीत आली, तरी बोलणं विचारलं तेवढंच. हो, नाही, जेवले, झोपते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एकदा स्टेजवर उभी करून बघा, बांध फुटेल. त्याच एका आशेवर सुहासने तिचं नाव दिलं होतं.

भाषणही त्यानेच लिहून दिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बायकोला नेलेल्या रोगाचे फायदे शोधले. शिसारी आली, तरी शोधले. क्षिप्रेचं पाणी नितळ झालं. शेजारी शेजाऱ्याला डबा पोचवायला लागला. पुरुष कणीक मळायला शिकले. हे शेवटचं तर खरंच होतं. त्याच्याशिवाय मळणार कोण?

पण इशिताचा नंबर शेवटचा लागला. पहिल्याच मुलाने क्षिप्रा नेली, वर रामघाटावर मासे दिसल्याचंही सांगून टाकलं. दुसरीने डबे नेले. मग कणीक मळणं गेलं, साधी लग्नं गेली, हात धुणं गेलं, घरच्यांनी एकत्र जेवणं गेलं. प्रत्येक फायद्याला टाळ्या पडत होत्या, आणि आता पोरीने बोलायचं तरी काय, हे सुहासला सुचत नव्हतं.

इशिता माइकसमोर आली. तिने वर बॅनरकडे पाहिलं आणि हातातला कागद घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवला.

“रंगपंचमीला मला टंकीवाली पिचकारी हवी होती,” ती म्हणाली. “आई म्हणाली, बाहेर बिमारी आहे, घरच्या घरी खेळू. मी फरशीवर लोळले. मग आई देवास गेटच्या बाजारात गेली आणि पिचकारी घेऊन आली. मग तिला ताप आला. मग ती गेली.”

हॉलमध्ये कोणीतरी च्च केलं.

“आईचा नियम होता. चुकलं की एक तर ती रागवायची, नाही तर शिक्षा करायची. दोन्ही एकदम नाही. पण तेव्हा मला कोणीच रागावलं नाही. बाबा नाही, आत्या नाही, कोणीच नाही. सगळे नुसते जवळ घेत होते. तेव्हा मला कळलं. आई गेली, महामारीने मला दिलेली शिक्षा हीच आहे. धन्यवाद.”

मागच्या रांगेत सवयीने दोन टाळ्या वाजल्या आणि थांबल्या. भय्यासाहेब गडबडून उठले.

“बेटा, ती शिक्षा नाही गं. ही हिंदीतली शिक्षा आहे. म्हणजे आपण काय शिकलो, ते.”

“हो, शाळेत ती असते,” इशिता म्हणाली. “पण आमच्या घरी मराठी बोलतात.”

प्राजक्ताताई वेळेची घंटी हातात धरून रडत होत्या. सुहास स्टेजवर चढला आणि लेकीला हाताला धरून बाहेर घेऊन आला.

बाहेर उन्हं उतरली होती. रस्त्यावरून बसस्टँडकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग लागली होती. सुहास स्कूटरपाशी तिच्यासमोर उकिडवा बसला. एवढी वर्षं ही पोर आपल्याच शेजारी बसून आपल्याच हातच्या पोळ्या खाते आहे, आणि हे घेऊन बसली आहे, हे काही त्याला झेपेना.

“तुझं काही चुकलं नाही, बाळा,” तो म्हणाला. “तो रोग कुठूनही आला असता. मी तर रोज ऑफिसला जात होतो. माझ्याकडूनही आला असेल. भाजीवाल्याकडून आला असेल. कोणालाच माहीत नाही गं.”

इशिताने मान हलवली. जेवलीस का विचारल्यावर हलवायची, तशीच. त्याने तिला जवळ ओढलं, तर ती अंग चोरून मागे सरकली.

“बाबा.”

“हं?”

“एकदा रागवा ना मला.”

सुहासला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठून उभा राहिला. इशितानेही हात मागे बांधले, मान खाली घातली, आणि ती वाट बघू लागली. त्याने चेहरा कडक केला. घसा खाकरला.

“कशाला हवी होती,” तो म्हणाला, “ती पिचकारी...” आणि पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

इशिताने मान वर केली नाही.

“जोरात, बाबा.”