पाहुण्याआधी
सूर्यभानने पाण्याचा ग्लास लुबनापुढे धरला.

"घ्या ताई. तुमीच केलंय, पयला घोट तुमचा."

वाळूजपलीकडच्या या वस्तीच्या बोअरमध्ये कारखान्यांचं विषारी क्रोम उतरलं होतं. ते अडवायला लुबनाने दोन वर्षं प्रयोगशाळेत खपून एक पडदा तयार केला होता आणि कालच तो मशीनमध्ये घालून इथे बसवला होता. पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पिशव्या आणि त्यांच्या भिंतींत प्रथिनांची दारं. दारातून फक्त पाणी जातं, क्रोम बाहेर राहतं. निदान तिच्या प्रबंधात तरी तसंच लिहिलेलं होतं.

आज सकाळी प्रयोगशाळेत तिने प्रथिनं न घातलेला, नुसत्या पिशव्यांचा पडदा लावून पाहिला. खरं तर हे सगळ्यात आधी करायचं, पण घाईत राहून गेलेलं. दोन्हींतून पाणी सारखंच आलं. म्हणजे ते दारातून येतच नव्हतं, फटींतून येत होतं. फटीतून क्रोमही येतं, आणि एवढ्याशा क्रोमाला ना रंग असतो ना चव.

तिने तिच्या मार्गदर्शकांना, काकासाहेब सरांना, गाडीतच सांगितलं. "आज उद्घाटनाचा फोटो होऊ दे," ते म्हणाले, "फटींचं नंतर बघू." तिला त्यांचा संताप आला. स्वतःचा जास्त आला, कारण ती गप्प बसली.

आता वस्तीवरची वीसेक माणसं तिच्याकडे बघत होती. भरलेले ग्लास ताटात तसेच होते. पाहुणा प्यायल्याशिवाय इथे कोणी पीत नाही. सूर्यभानची सून शालू दाराशी अवघडून बसली होती.

लुबनाने ग्लास घेतला आणि सरांपुढे केला.

"सर, आधी तुम्ही."

फोटोवाला पुढे सरसावला. सरांनी ग्लासाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"माझा आज निर्जळी उपवास आहे."

लुबनाने ग्लास जमिनीवर ओतला. मग ताटातले सगळे एकेक करून ओतले. "हे पाणी कुणी प्यायचं नाही," ती म्हणाली.

सूर्यभान ओशाळून पुढे आला.

"ताई, रागावू नका. पाव्हण्याआधी प्यायला नको व्हतं, कळतंय मला. पण काल मशीन बसवून तुमी गेल्या, तव्हापासून शालू हेच पितीय. दोन जिवाची हाय. म्हणलं, तिला तरी चांगलं पाणी मिळू द्या."