रिकामी किटली

इंग्रजीत ‘रॅम्बल’ म्हणजे कुठं जायचं ते न ठरवता नुसतं भटकणं. आणि विषय सोडून बोलत सुटणं, त्यालाही रॅम्बलच म्हणतात. कॉलेजात शिकवताना आयुष्यभर मी दुसरं केलं. निवृत्त झाल्यावर पहिलं करावं म्हणून बावधनचा फ्लॅट सोडून रिहे गावात राहायला आलो.

पण इथं प्रत्येक बांधावर एकच प्रश्न, "कुटं निघालाय, सर?"

"कुठंच नाही" म्हटलं की लोकांना वाटायचं, मी जमीन बघायला आलोय. लगेच प्लॉट दाखवायला लागायचे.

शेवटी मी युक्ती केली. निघताना हातात दुधाची रिकामी किटली घ्यायला लागलो. माणूस दुधाला चाललाय म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय? महिनाभर मनसोक्त भटकलो आणि रोज किटली हलवत घरी आलो.

आज वाटेवरच्या गोठ्यातून चंद्राबाई बाहेर आल्या. माझ्या हातातली किटली घेऊन त्यांनी दुधानं काठोकाठ भरली आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाल्या,

 

"लाजू नका, सर. रोज रिकामीच परत नेताय, बघतीया मी. येळ काय, कुनावरबी येती."