मुका गंधार

"ऐका आता! नोटिशीचं काम हाय, कुचराई न्हाय," पेटीचा भाता मारत लालसाब म्हणाला.

सात रस्त्याजवळच्या त्याच्या दुकानात वेणीमाधव सतरंजीवर मांडी घालून बसले होते. कोर्टातले कारकून. आज त्यांनी ठेवणीतली टोपी घातली होती. का घालू नये? लढाई जिंकली होती. पेटी घरी नेली त्याच आठवड्यात तिचा मधला गंधार मुका निघाला; पट्टीवर बोट ठेवलं की नुसता वारा. लालसाब म्हणायचा, "लाकूड नवं हाय, मुरलं की बोलंल." लाकूड मुरलं, गंधार काही बोलला नाही. मग पावसाळ्यात दमट हवेचं कारण, उन्हाळ्यात कोरड्या हवेचं. टोलवाटोलवीला कंटाळून शेवटी वेणीमाधवांनी वकिलाकरवी नोटीस धाडली: सदोष माल नीट करून द्या, नाहीतर दावा लावतो. तेव्हा कुठं लालसाबनं आतली पितळी पात बदलली.

"लीले, तुला धड पेटी मिळवून देतोच बघ," असा शब्द त्यांनी लेकीला दिला होता. शब्द खरा झाला, पण मधेच लीलाचं लग्न झालं आणि ती हुबळीला गेली. सासरी गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती.

लालसाबनं बोटं फिरवली. सा, रे, ग. गंधार खणखणीत वाजला.

वेणीमाधव पेटीजवळ सरकले.

"पुन्हा वाजवा."

पुन्हा सा, रे, ग.

"असं काय बगताय, रावसाहेब? काढा आता ह्याच्यात खोट!"

खोट नव्हतीच. घरी लीला पेटीला बसायची, तेव्हा त्या मुक्या पट्टीवर आली की क्षणभर थांबून तो सूर स्वतःच म्हणायची. सा पेटीचा, रे पेटीचा, गंधार लेकीचा. ओसरीवर कचेरीचे कागद चाळत ते ऐकायचे, आणि नेमकं तिथं आलं की लालसाबच्या नावानं बोटं मोडायचे. लेक गेल्यावर घर सुनं झालंच होतं. पण तिची एवढीशी जागा पेटीत शिल्लक होती, ती त्यांनीच नोटीस देऊन बुजवून घेतली होती.

"लालसाब, जुनी पात आहे का हो?"

"हाय की डब्यात. का?"

"तीच बसवा परत."

डब्याकडे निघालेला लालसाब मागे वळला. "चांगली करा म्हणून एक नोटीस दिली. आता बिगडवा म्हणून दुसरी देनार काय?"

"बसवा हो," वेणीमाधव हळूच म्हणाले. "माझी काही तक्रार नाही आता."

पुटपुटत लालसाबनं पेटी उघडली, जुनी पात बसवली, आणि सवयीप्रमाणे तपासायला भाता मारला. सा, रे. तिसऱ्या पट्टीवर बोट टेकलं. नुसता वारा. बोट पुढच्या पट्टीकडे निघालं, तसा वेणीमाधवांनी त्याचा हात धरला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "ती दम घेऊन म्हणते."