आठवी टोपी

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुनेला नव्या रबरी टोप्यांचं पाकीट सापडलं. ते फोडलेलंच नव्हतं.

ओट्यावर, पसरलेल्या टॉवेलवर, ड्रॉपरच्या सात बाटल्या झाकणं लावून ओळीत उभ्या होत्या. आठवी दुपारी नणंद घेऊन गेली होती. तिच्या तीन महिन्यांच्या मुलाला रोज जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे असतात आणि औषधाचा ड्रॉपर काल पायाखाली येऊन फुटला होता. सुनेने तिला ओळीतली सगळ्यात छान दिसणारी बाटली उचलून दिली होती. स्वतःच्या हाताने.

घरी सुगंधी तेलं भरून विकायचं काम सून तीन वर्षं करत होती. गिऱ्हाइकं रिकाम्या बाटल्या परत आणून देत. काच उकळायची, नळीतून बारीक ब्रश फिरवायचा, स्पिरिटने धुवायची, वाळवायची. दाबली की तेल वर ओढणारी ती रबरी टोपी मात्र टाकून द्यायची आणि नवी लावायची. काच तेल सोडते, रबर सोडत नाही. आज सकाळी तिने टोप्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि दुकानातून फोन आला म्हणून ती बाहेर गेली. उरलेलं मी उरकते, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

सासूबाई खिडकीशी भाजी निवडत होत्या. टोप्या कुठल्या लावल्या, असं सुनेने विचारलं. डब्यातून काढल्या, त्या म्हणाल्या. धडधाकट रबर, टाकायचं कशाला? वीस मिनिटं खळाखळा उकळल्यात. चार पोरांच्या दुधाच्या बाटल्या अशाच उकळल्या, चौघंही घोड्यासारखी वाढली.

सुनेने मनातल्या मनात मोजलं. आजच्या आठ बाटल्यांपैकी पाच लव्हेंडरच्या होत्या, तीन निलगिरीच्या. निलगिरीचं तेल तान्ह्या मुलाच्या पोटात गेलं तर गुंगी येते, श्वास अडतो. ही सूचना ती स्वतः लेबलवर चिकटवत असे. उकळलेल्या रबराच्या पोटात किती तेल उरतं, हे मात्र कुठल्या लेबलवर नव्हतं.

तिने नणंदेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग एकेक टोपी काढून नाकाशी धरली. पहिली, दुसरी, तिसरी. काहीच कळेना. सकाळपासून तेलात असलेल्या नाकाला सगळं सारखंच. सासूबाईंनी हुंगून पाहिलं. त्यांना आठवडाभर सर्दी होती.

सून तशीच धावत शेजारी गेली आणि शिलाईवाल्या काकूंना घेऊन आली. काकू गळ्यातली टेप न काढताच आल्या. साऱ्या गल्लीच्या भानगडीत नाक खुपसते म्हणून मला नावं ठेवता, आज त्याच नाकाची गरज पडली होय, असं त्या म्हणाल्या. सुनेचा चेहरा पाहताच त्या ओट्याकडे वळल्या. सातही टोप्या एकेक करून हुंगल्या. दोन बाजूला काढल्या.

"या निलगिरीच्या. बाकीच्यांना दुसराच वास आहे, गोडसर."

"दोनच? तीन हव्यात. परत बघा."

काकूंनी परत पाहिलं. दोनच.

सुनेने सहाव्यांदा फोन लावला. सासूबाई उठून तिच्या जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "जावयासमोर माझं नाव नको घेऊस."

पाच वाजून चौतीस मिनिटांनी फोन उचलला गेला. नणंदेचा नवरा होता. ती खाली दुकानात गेली आहे, फोन घरीच विसरली, असं तो म्हणाला. सुनेने बाटलीचं विचारलं. बाटली झकास आहे, तो म्हणाला. साडेचारला त्यानेच थेंब दिले होते. आमच्या ठोंब्याने तोंड वाकडं केलं, जरा ठसकला, पण गिळले. आणि आज नवलच, न रडता झोपला.

"भावोजी, त्याला उठवा."

तो हसला. "वहिनी, पोरगं जन्मल्यापासून पहिल्यांदा आपणहून झोपलंय. आता उठवलं तर तुमची नणंद मला घराबाहेर काढेल."

चूक झाली आहे, असं ती म्हणाली. टोपी बदलायची राहिली. कशी राहिली, हे सांगताना तिची जीभ अडखळली. तो अजून हसतच होता. टोपी म्हणजे कुठली टोपी, असं विचारत होता.

सासूबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"जावईबापू, मी बोलतेय. कचऱ्यात टाकलेलं रबर काढून मी लावलं. त्यात विषारी तेल आहे. आधी पोराला उचला, मग बोला."

पलीकडचं हसू थांबलं. खुर्ची सरकली. सुनेने फोनचा आवाज मोठा केला. तिघीजणी त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. पावलं ऐकू आली, मग दाराची कडी, मग पंख्याची घरघर.

"ठोंब्या," तो म्हणाला. "ए ठोंब्या."

काकूंनी गळ्यातली टेप मुठीत घट्ट धरली. हातातली निलगिरीची टोपी सासूबाई दाबत होत्या, सोडत होत्या.

पाच वाजून सदतीस मिनिटांनी फोन चालूच होता. तिसऱ्यांदा हाक मारताना त्याने आवाज चढवला.